दोघे, दोघी आणि दोन : कोलामी भाषेच्या नोंदीचा इतिहास

२७ जून १६८४ रोजी गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने एक फर्मान काढले. प्रजेने आपली देशी भाषा टाकावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे, असा त्याचा मथितार्थ होता. पेडणे आणि डिचोली हे महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हते. ते त्यांच्याकडे गेले त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, आणि तोवर त्या फर्मानाची धार बोथट झाली होती. आमच्या भागातील जुन्या घरांतून मोडीतली दप्तरे आणि मराठीतल्या पोथ्या टिकून राहिल्या, त्यामागे हा इतिहासाचा योगायोगही आहे. जुन्या काबिजादीत मात्र फर्मान लागू होते; तरीही तेथल्या घरांतून लोकांची भाषा गेली नाही.

वकिलीच्या व्यवसायात तीन दशके काढल्यावर मला या फर्मानाविषयी एक विचित्र आदर वाटू लागला आहे. ते अन्यायाचे होते, पण ते कागदावर होते. त्याला तारीख होती, सही होती, मुदत होती. त्याकडे बोट दाखवून कोणीही म्हणू शकतो की या दिवशी, या अधिकाऱ्याने, या भाषेवर हा अन्याय केला. ज्या भाषेविरुद्ध कोणी कधी फर्मानच काढले नाही, जिच्यावर बंदी घालण्याइतके महत्त्वही कोणी तिला दिले नाही, आणि तरीही जी पिढीगणिक झिजत गेली, तिचा दावा कोणत्या न्यायालयात आणि कोणाविरुद्ध दाखल करावयाचा?

अशी एक भाषा महाराष्ट्रातच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजीच्या डोंगरपट्ट्यात, नांदेडच्या किनवट-माहूर भागात, चंद्रपूरच्या राजुरा-जिवतीकडील टेकड्यांवर आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद-आसिफाबादच्या रानात कोलाम नावाची जमात राहते. तिची भाषा कोलामी. ही द्राविडी कुळातील भाषा आहे. मराठीची ती बोली नव्हे, तेलुगूची नव्हे आणि गोंडीचीही नव्हे.

डिचोलीत बसून यवतमाळच्या टेकड्यांविषयी लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. ‘भाषा की बोली’ हा प्रश्न गोव्याने जितका चघळला आहे तितका क्वचितच कोणी चघळला असेल. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने कोकणीला राजभाषा केले, मराठीच्या वापराची तरतूद ठेवली, आणि व्याख्येच्या कलमात ‘कोकणी भाषा म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी’ असे ठरवून टाकले. व्याख्येच्या कलमातील एका शब्दाने किती घरांत आनंद आणि किती घरांत संताप होतो, हे आम्ही पाहिले आहे. त्या वादात मी कोणत्या बाजूचा, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे आणि येथे ते अप्रस्तुत आहे. सांगावयाचे एवढेच की मराठी आणि कोकणी या दोन्ही पक्षांकडे वर्तमानपत्रे होती, वकील होते, आमदार होते. कोलामीकडे यांपैकी काही नव्हते. म्हणून नोंद करणाऱ्याच्या हातून भाषेचे काय होते, हे तिच्या इतिहासात जितके उघडे दिसते तितके आमच्या भांडणात दिसत नाही.

कोलामांचे स्वतःचे नाव ‘कोलावर’. शेजाऱ्यांनी मात्र त्यांना आपापल्या सोयीची नावे दिली. आदिलाबादकडील गोंड त्यांना ‘पुजारी’ म्हणतात, कारण डोंगराच्या आणि शिवेच्या देवांची मर्जी कोलामालाच कळते अशी श्रद्धा होती आणि गोंडांच्या गावांतही काही पूजांसाठी कोलामाला बोलावले जाई. तेलुगू शेजाऱ्यांनी त्यांना ‘मन्नेरवारलू’ म्हटले. ‘मन्नेमु’ म्हणजे डोंगराळ मुलूख, तेथले ते मन्नेरवारलू. या नावाखाली मोडणाऱ्यांपैकी अनेकांनी पुढे कोलामी सोडून तेलुगूच धरली. वस्तीला कोलाम ‘पोड’ म्हणतात. पोडाचा कारभार पाहणाऱ्यांना नाईक, महाजन, कारभारी अशी नावे आहेत. ही तिन्ही आपल्या ओळखीची, कारण ती शेजारच्या मुलखातूनच पोडावर चढली. देव मात्र भीमायक. त्याची पूजा पोडाने आपल्याच रीतीने चालू ठेवली. एका जमातीला तीन भाषांत तीन नावे असली की दप्तरात तिच्या तीन जमाती होतात. पुढे घडलेल्या गोंधळाचे बीज येथेच आहे.

इंग्रजी अमदानीत कोलामी शब्द प्रथम टिपले गेले ते नागपूरच्या मिशनऱ्यांकडून. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश पाद्री १८६३ साली वारल्यावर त्यांची टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत गोंडी आणि इतर बोलींबरोबर कोलामी शब्दांचीही यादी आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडात नोकरीस असलेल्या वुल्झली हेग यांनी गोंडी आणि कोलामी यांची तुलनात्मक शब्दसूची छापली. मुस्लिम राजवटींचे इतिहासकार म्हणून पुढे नावारूपाला आलेले हेग ते हेच. असे असूनही कोलामी म्हणजे गोंडीचीच एक पोटबोली, असे समजण्याचा प्रघात होता. यात अधिकाऱ्यांचा सर्वस्वी दोष नाही. कोलामांची पोडे गोंडांच्या गावांजवळ, दोघांचे रान एक, दोघांचे सावकार एक. शब्दही काही सारखे : अग्नीला दोन्हीकडे ‘किस’. परंतु जरा पुढे जावे तर वाट फुटते. पाण्याला गोंडीत ‘येर’, कोलामीत ‘ईर’, इथपर्यंत ठीक आहे. घराला गोंडी ‘रोन’ म्हणते आणि कोलामी ‘एल्ला’, जो शब्द तेलुगूच्या ‘इल्लु’चा सख्खा नातलग आहे. व्याकरणात तर अंतर आणखी वाढते.

हे अंतर प्रथम ठामपणे कागदावर मांडले ते ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडाने. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या या खंडातील मुंडा आणि द्राविडी भाषांचे काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केले. कोलामी काही बाबतींत तेलुगूशी जुळते, काही बाबतींत कन्नडशी, तर काही बाबतींत थेट निलगिरीतील तोडांच्या भाषेशी, असे त्याला दिसले; गोंडीच्या पोटात ती मावत नाही हे त्याने दाखवून दिले. मोठ्या द्राविडी भाषांची घडण होत असताना या लोकांची भाषा बाजूला राहिली असावी, असा त्याचा तर्क होता. आजचे अभ्यासक कोलामीला नायकी, परजी आणि गदबा यांच्यासह मध्य द्राविडी गटात ठेवतात.

याच खंडात एक प्रकरण आहे, जे मला प्रत्येक कनिष्ठ वकिलाला वाचावयास द्यावेसे वाटते. तेव्हाच्या बासीम, म्हणजे आजच्या वाशीम, जिल्ह्यातील पुसद तालुक्यातून सर्वेक्षणाकडे ‘भिली’ म्हणून एक भाषा नोंदवून आली. भिली ही आर्यकुलातील, गुजराती-राजस्थानीच्या गोतावळ्यातील. नमुना तपासला तेव्हा कळले की ती भिली नव्हेच. ती कोलामीला अगदी जवळची द्राविडी बोली आहे. बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या तेच बोलत आले होते. कोणा कारकुनाने रानात राहणारे म्हणजे भिल्ल आणि भिल्लांची ती भिली, असा सरळ हिशेब केला असावा. एका शब्दाने एक भाषा दुसऱ्या कुळात गेली. तो नमुना कोनोच्या टेबलावर आला म्हणून चूक सापडली. बाकीच्या किती तालुक्यांतून किती रकाने असेच भरले गेले असतील, याचा हिशेब कोण देणार?

सर्वेक्षणानंतर कोलामीच्या वाट्याला दोन चांगले अभ्यासक आले. एक मरी एमेनो. मूळचे कॅनडाचे हे विद्वान १९३५ ते १९३८ या काळात भारतात होते. निलगिरीत तोडा आणि कोता, कुर्गमध्ये कोडगू आणि वर्धा जिल्ह्यात कोलामी असे त्यांनी काम केले. कोलामीवरील त्यांचा ग्रंथ १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. टॉमस बरो यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये द्राविडी भाषांचा जो व्युत्पत्तिकोश सिद्ध केला, त्यात तमिळ-तेलुगूसारख्या राजभाषांच्या पंगतीला पोडावरचे कोलामी शब्द मांडी घालून बसलेले दिसतात. दुसरे अभ्यासक आपल्याच घरचे : सेतुमाधवराव पगडी. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. निजामाच्या राज्यात मुलकी अधिकारी असताना या माणसाने आदिलाबादच्या गोंड-कोलामांच्या भाषा शिकून घेतल्या आणि १९५० मध्ये हैदराबादेतून कोलामी भाषेचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. फारसी कागदपत्रे वाचणाऱ्या पगडींच्या गौरवात हे पुस्तक बहुधा एका ओळीत उरकले जाते. माझ्या मते त्यांच्या कामांत त्याचा मान फार वरचा आहे. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकणे आणि शिकून तिचे व्याकरण लिहिणे, हे आपल्याकडे किती वेळा घडले?

या दोघांच्या नोंदींमुळे कोलामीचे जे रूप कळते, त्यातील एक गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम पाहावी. कोलामीत दोन पुरुष असतील तर ‘इद्दर’, दोन स्त्रिया असतील तर ‘ईरल’ आणि दोन वस्तू असतील तर ‘इंदिंग’. तीन पुरुष ‘मुग्गुर’, तीन स्त्रिया ‘मुयल’, तीन वस्तू ‘मूंदिंग’. चारालाही तसेच : ‘नलगुर’, ‘नल्लव’, ‘नालिंग’. तेलुगूत ‘इद्दरु’ म्हणजे दोन माणसे, मग ते पुरुष असोत की स्त्रिया. कन्नडातही माणसांसाठी एकच ‘इब्बरु’. पण आपण मराठीत काय म्हणतो? दोघे, दोघी आणि दोन. तिघे, तिघी आणि तीन. चौघे, चौघी आणि चार. हिंदीवाल्याला हा भेद समजावून सांगावा लागतो. कोलामाला सांगावा लागत नाही, तो घरूनच आणतो. याचे कारण काय, कोणी कोणाकडून घेतले की दोघांनी स्वतंत्रपणे घडविले, या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा ऐकणाऱ्याला वगळण्या-सामावण्याचा भेदही कोलामीत आहे, आणि मराठीतील हा भेद द्राविडी सहवासातून आला असे अनेक अभ्यासक मानतात. भारतातील भिन्न कुळांच्या भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या होत जातात, हा सिद्धांत १९५६ मध्ये आपल्या प्रसिद्ध लेखात मांडणारे एमेनो वर्ध्याच्या पोडावर बसलेले होते, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. चार-पाचाच्या पुढे मात्र कोलामीचे स्वतःचे आकडे संपतात आणि शेजाऱ्यांचे सुरू होतात. बाजारात मोजणारा व्यापारी शेजारी होता, हे त्याचे कारण असावे.

आता कायद्याकडे वळतो. १९४० साली आदिलाबादच्या जोडेघाट परिसरात कुमराम भीम याच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला, गोळीबार झाला, भीम मारला गेला. निजाम सरकारने त्यानंतर क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला त्या भागात पाठविले. त्याच्या सल्ल्याने मारलवाई येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे केंद्र निघाले आणि गोंडीतून वाचनपाठ छापले गेले, तेही देवनागरीत, कारण आदिलाबादच्या डोंगरांत तेव्हा मराठीचा वावर होता. तेलुगू लिपीत नव्हे, उर्दूतही नव्हे! या योजनेचे मोल मोठे आहे. पण तिचे नाव गोंडी शिक्षणाची योजना असे होते आणि कोलाम तिच्यात शेजारी म्हणून आले. रानातून ‘राखीव जंगल’ म्हणून हुसकावले जाण्यात मात्र ते कोणाच्या मागे नव्हते. डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर जगणाऱ्यांना तो तडाखा अधिकच बसला.

१९५६ चा राज्य पुनर्रचना अधिनियम आम्हा सीमाभागातील लोकांना तोंडपाठ असतो. त्याच्या कलम ८ ने जे नवे मुंबई राज्य घडविले, त्यात आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल घालण्यात आले. ते मराठी मुलूख होते, योग्यच झाले. परंतु भाषेच्या आधारावर आखलेली ती रेषा कोलामांच्या पोडांमधून गेली, आणि ती आखताना तराजूच्या एका पारड्यात मराठी होती, दुसऱ्यात तेलुगू. कोलामी कोणत्याच पारड्यात नव्हती. भाषावार प्रांतरचनेचा मी समर्थक आहे आणि राहीन; पण दोन भाषांच्या हद्दीवर राहणाऱ्या तिसऱ्या भाषेचा विचार त्या कायद्याने केला नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला : भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा राज्य प्रयत्न करील. ‘प्रयत्न करील’ हे शब्द वकिलाच्या कानाला लगेच बोचतात. प्रयत्न न केल्याचे सिद्ध करणे फार कठीण असते. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही माध्यम ‘व्यवहार्य असेल तेथवर’ मातृभाषा असावे असेच म्हटले. व्यवहार्य काय, हे ठरवणारा पोडावर राहत नाही.

कोलामीला स्वतःची लिपी नाही, मग ती भाषा कशी, असा प्रश्न मला एका व्याख्यानानंतर विचारण्यात आला होता. त्याचे उत्तर १९७१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या निकालात देऊन ठेवले आहे : भाषिक अल्पसंख्याक ठरण्यासाठी वेगळी बोलली जाणारी भाषा पुरे, वेगळी लिपी असणे आवश्यक नाही. आठव्या अनुसूचीत द्राविडी कुळाच्या चारच भाषा आहेत, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. डोंगरातल्या एकाही द्राविडी भाषेला तेथे जागा मिळालेली नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी सांगितलेली गोंडीसुद्धा बाहेरच आहे. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते. संस्कृतच्या अनुसूचीतील जागेला कोणाचा आक्षेप असू नये, माझाही नाही. पण ‘बोलणारे थोडे’ हे कारण पुढे करणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा.

कोलामीचा आकडा आहे १,२८,४५१. हा संपूर्ण देशाचा आहे, २०११ चा. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात ‘कोलाम, मन्नेरवारलू’ या अनुसूचित जमातीची लोकसंख्या एक लाख नव्वद हजारांहून अधिक नोंदली गेली. दोन्ही आकड्यांमधील तफावत म्हणजे जमातीचे नाव ठेवून भाषा सोडलेली माणसे, असा सरळ अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. मन्नेरवारलू या नावाखाली तेलुगू बोलणारेही आहेत, आणि नोंदच चुकीची झालेलेही आहेत. जनगणनेत २०११ साली मातृभाषांची १९,५६९ नावे लोकांनी सांगितली. छाननीअंती त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि त्यांची १२१ भाषांत विभागणी झाली. या गाळणीतून कोलामी स्वतःच्या नावाने खाली उतरली, हेही थोडे नव्हे. देशभरात दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांचे नावसुद्धा प्रसिद्ध होत नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. १९५० च्या दशकापासून कोलाम अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. परंतु विदर्भात ती मान्यता दीर्घकाळ ठरावीक तालुक्यांपुरतीच होती. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढेच तालुके. वर्धा जिल्हा त्या यादीत नव्हता. म्हणजे ज्यांच्या तोंडून एमेनोंनी कोलामी टिपली, ज्यांची भाषा कॅलिफोर्नियात ग्रंथरूप झाली, ते कोलाम आपल्याच राज्यात कायद्याच्या दृष्टीने आदिवासी नव्हते. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने उठली. त्यानंतर दाखल्यांचे अर्ज वाढले, नामसाधर्म्याचे वाद न्यायालयांत आले, आणि खोटे दावे रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कुमारी माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली. महाराष्ट्राने पुढे स्वतःचा कायदा केला. त्याच्या कलम ८ नुसार सिद्धतेचा भार अर्जदारावर असतो.

खोटे दावे असतात, आणि त्यांचा फटका खऱ्या कोलामालाच बसतो. म्हणून पडताळणी हवीच. पण तिच्यात ‘आप्तभाव’ तपासण्याची एक कसोटी आली : दैवते कोणती, लग्न कसे लागते, प्रेताचे काय करता, आणि व्यवहारात, बोली कोणती. आता पाहा. कोलामाचा मुलगा आश्रमशाळेत जातो, मराठीत शिकतो. कोलामीत बोलला तर वर्गात हसू होते. तो शहाणा होतो, तालुक्याला कारकून होतो, त्याच्या घरात मराठीच चालते. त्याची मुलगी बारावीनंतर प्रवेशासाठी अर्ज करते, आणि दक्षता पथकाचा माणूस तिला विचारतो, तुमच्या जमातीच्या बोलीत पाण्याला काय म्हणतात? राज्याने बारा वर्षांत एकदाही तिला ‘ईर’ हा शब्द शिकवला नाही. पण तो तिला येतो की नाही, हे राज्य तपासते. ही विशिष्ट मुलगी मी कल्पिली आहे. परंतु अशा प्रकारच्या प्रश्नावल्या मी फायलींत वाचल्या आहेत, आणि कोरी सोडलेली उत्तराची जागाही पाहिली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या हे लक्षात आले, याचे श्रेय दिले पाहिजे. २०११ च्या आनंद विरुद्ध पडताळणी समिती या निकालात न्यायालयाने म्हटले की स्थलांतर, आधुनिकता आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे जमातींची वैशिष्ट्ये बदलतात, म्हणून आप्तभाव ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तीच भूमिका पक्की केली. अर्जदारांना दिलासा मिळाला, आणि तो योग्य आहे. भाषेला मात्र त्यातून काही मिळाले नाही. शब्द आला नाही तरी दाखला अडू नये, इथवर न्यायालय पोहोचले. शब्द यावा यासाठी शाळेने काय करावे, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हता, आणि न्यायालय दाव्याबाहेरच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो दावा कोणीतरी अनुच्छेद २९ आणि ३५०-क एकत्र धरून वेगळा आणावा लागेल.

गोव्यात २००३ साली गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. त्यांच्या पूर्वजांच्या तोंडी कोकणी-मराठीपूर्वी कोणती भाषा होती, याविषयी ग्रामनामांवरून आणि काही शब्दांवरून विद्वानांनी अनेक तर्क केले. कोणी द्राविडी म्हणाले, कोणी मुंडा. ते तर्कच राहणार, कारण त्या पूर्वजांजवळ वही घेऊन कोणी बसले नव्हते. सत्तरीच्या डोंगरात ती संधी कधीच हातून गेली. यवतमाळ-किनवटच्या डोंगरात ती अजून आहे.

२०२१ साली व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेली. प्रगणक जेव्हा पोडावर येईल, तेव्हा तो बहुधा मराठीत प्रश्न विचारील आणि समोरचा कोलाम सौजन्याने मराठीतच उत्तर देईल. मातृभाषेचा रकाना ऐकलेल्या उत्तराच्या भाषेवरून भरण्याचा मोह तेथेच होतो. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम ८ नुसार विचारलेल्या प्रश्नाचे आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; आणि मातृभाषा कोणती, हे सांगण्याचे काम सांगणाऱ्याचे आहे, प्रगणकाचे नाही. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर आणि वर्धा येथील जे वाचक वकील किंवा शिक्षक आहेत, त्यांनी आपल्या तालुक्यातील पोडांच्या नाईकांना हे आधी जाऊन सांगावे : घरात कोलामी बोलत असाल तर रकान्यात ‘कोलामी’च लिहून घ्या. गोंडी नाही, तेलुगू नाही, मराठीही नाही. आणि प्रगणकाने लिहिल्यावर ते वाचून दाखवायला सांगा.